डोंगरावरची थंडी आणि तंबूतील शेगडी



नाताळच्या सुट्टीत तुमचे सारे कुटुंब डोंगरावर तंबू ठोकून राहायला निघाले आहे असे समजा. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, चुलत आणि आते भावंडे धरून बारा माणसे, तीन तंबू, एक मोठे पातेले आणि एक लोखंडी शेगडी. ठिकाण आपण महाबळेश्वरजवळचे एखादे शेत घेऊ. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३५० मीटर. अशा सहलीत पदार्थविज्ञानाचे दोन प्रश्न हमखास उभे राहतात. तंबू कोठे ठोकायचा आणि रात्री ऊब कशी आणायची? पहिल्याचे उत्तर चुकले तर रात्रभर कुडकुडावे लागेल. दुसऱ्याचे चुकले तर मात्र जिवावर बेतेल.

थंडी येते कोठून?

मुले साहजिकच म्हणतील, "तळ्याकाठी छान सपाट जागा आहे, तिथेच तंबू ठोकू." पण जरा थांबा. हिवाळ्यात महाबळेश्वरची एक बातमी वर्तमानपत्रांत हटकून येते : वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. तलावाच्या धक्क्यावर, मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे हिमकणांचा पांढरा थर दिसतो. गंमत अशी की, त्याच पहाटे वर गावातील तापमापी शून्याच्या बरीच वर असते. मग तलावाजवळ पाणी गोठते कसे?

उष्णता तीन प्रकारांनी जाते, हे तुम्ही शिकला आहात : वहन, अभिसरण आणि प्रारण. रात्रीच्या थंडीत प्रारणाचा वाटा मोठा आहे. जमीन, गवत, तंबूचे कापड, आपण स्वतः, सारेच अवरक्त किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असतो. आकाश ढगाळ असेल तर ढग त्यातील बरीचशी परत पाठवतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परत येणारी उष्णता कमी पडते, आणि उघड्या जमिनीच्या दर चौरस मीटरमागे ७० ते १०० वॉट इतका तोटा होऊ शकतो. म्हणून गवताचे पाते त्याच्या भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. दव का पडते याचे हे उत्तर विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रयोगांनिशी दिले.

आपल्या देशातील कारागीर मात्र हे तत्त्व त्याआधीपासून वापरत होते. अलाहाबादेकडे हिवाळ्यात उथळ खड्डे खणून त्यांत उसाची वाळलेली चिपाडे पसरत, त्यांवर मातीची उथळ भांडी मांडत आणि त्यांत थोडे थोडे पाणी ओतून ठेवत. निरभ्र, निवांत रात्री हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही पहाटे त्या भांड्यांत बर्फ मिळे. खालून चिपाडे जमिनीची उष्णता अडवीत आणि वरून पाणी आपली उष्णता आकाशाला देऊन टाकी. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये या पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. वीज नाही, यंत्र नाही आणि उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात बर्फ! मला तर ही युक्ती आजच्या शीतकपाटापेक्षा अधिक चतुर वाटते.

आता तलावाकडे वळू. उतारावरची जमीन थंड झाली की तिला लागून असलेली हवा थंड आणि म्हणून जड होते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. वारा पडलेला असेल तर ती ढवळलीही जात नाही. वेण्णा तलाव गावापेक्षा खालच्या अंगाला आहे, त्यामुळे ही थंड हवा तेथे गोळा होते. म्हणून तंबू ठोकायचा तो तळाशी नको आणि वारा झोडपणाऱ्या माथ्यावरही नको. उतारावर थोडी वर, वाऱ्याला आडोसा असलेली जागा उत्तम. झाडाजवळ जागा मिळाली तर फारच बरे, कारण पाने आकाशापेक्षा कितीतरी उबदार असतात आणि आपल्याकडे जास्त उष्णता पाठवतात. मात्र डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, हे काकांना पाहू द्या.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. या उंचीवर हवेचा दाब सुमारे ८६० मिलिबार असतो आणि पाणी साडेपंच्याण्णव अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यातील डाळ लवकर शिजेना म्हणून काकूंनी जाळ वाढवला तरी पाणी त्याहून अधिक तापणार नाही, फक्त लवकर आटेल. प्रेशर कुकर न्यावा, प्रश्न मिटतो.

शेगडी आत आणली तर?

जेवणे झाली, गप्पा झाल्या. आजीला थंडी सोसत नाही. शेगडीतल्या लोणारी कोळशाचे लालबुंद निखारे फुललेले आहेत, धूर मुळीच नाही. कोणीतरी मायेनेच म्हणते, "शेगडी आजींच्या तंबूत ठेवू या." येथे तुम्ही, वयाने लहान असलात तरी, ठाम नाही म्हणायचे आहे. कारण समजून घ्या, म्हणजे मोठ्यांना पटवता येईल.

शेगडीच्या तळातून आत शिरलेल्या हवेतील ऑक्सिजनशी कोळशाचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साईड बनतो. तो वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना कार्बनशी पुन्हा संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. चांगल्या पेटलेल्या शेगडीवर निळसर ज्योती नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. हाच वायू तेथे जळत असतो. पण ज्योती विझल्या, निखाऱ्यांवर राख धरली की तो न जळताच बाहेर पडत राहतो. म्हणजे शेगडी अगदी निरुपद्रवी दिसू लागते तेव्हाच ती अधिक घातक असते.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कार्बन मोनॉक्साईड ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग असला, तरी दोनशेपटीच्या या ओढीमुळे दोघांची बरोबरी होते आणि काही तासांत निम्मे हिमोग्लोबिन निकामी होते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात हा वायू स्वतः हुंगून परिणामांच्या नोंदी केल्या. त्याच्याच सूचनेवरून खाणकामगार कॅनरी पक्षी सोबत नेऊ लागले. तो इवला पक्षी माणसाच्या आधी कोसळे आणि माणसांना पळायला वेळ मिळे. ब्रिटनमधील खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत होती.

आता हिशोब करू. तंबूची जागा अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि उतरत्या छपरामुळे सरासरी उंची ०.८ मीटर धरा. आतील हवा ५ घनमीटर, म्हणजे ५००० लिटर झाली. हवेत ०.१६ टक्के कार्बन मोनॉक्साईड असेल तर थोड्याच वेळात डोके दुखू लागते आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. ५००० लिटरचे ०.१६ टक्के म्हणजे फक्त ८ लिटर! बारा ग्रॅम कार्बनपासून सुमारे २४ लिटर कार्बन मोनॉक्साईड बनतो, तेव्हा ८ लिटरसाठी ४ ग्रॅम कार्बन पुरे. सुपारीएवढा कोळशाचा तुकडा! सारा कोळसा या वायूत बदलत नाही आणि तंबूतून थोडी हवा येत-जात असते, हे खरे. पण शेगडीत अर्धा किलो कोळसा असला आणि त्याचा विसावा भागच असा जळला, तरी सुमारे ५० लिटर वायू तयार होतो. शिवाय थंडीमुळे तंबूच्या फटी आपणच बुजवतो.

"खाली झोपले की वायू वर जातो" असे कोणी म्हणेल. तसे नाही. त्याचे वजन जवळजवळ हवेइतकेच असल्याने तो सगळीकडे मिसळतो. आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या डोंगराळ भागातील दामन येथे केरळहून सहलीला आलेले आठ जण रात्री एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. त्यांत चार मुले होती. सकाळी त्यांपैकी कोणीही उठले नाही. तेथे तर तंबू नव्हता, पक्की खोली होती.

तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी पेटलेली असताना दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले, भोवळ आली, तर "प्रवासाचा शीण" म्हणून दुर्लक्ष करू नका. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तासाच्या आत.

मग आजीची थंडी?

झोपलेला मोठा माणूस सुमारे ७० ते ८० वॉट उष्णता देत असतो. एका तंबूत चौघे झोपले की ३०० वॉटची भट्टी फुकटात मिळाली. प्रश्न फक्त ती राखण्याचा आहे. जमीन वहनाने उष्णता ओढून घेते, म्हणून अंथरुणाखाली पेंढ्याचा जाड थर, त्यावर पोती आणि सतरंजी घाला. अंगावर एका पांघरुणाऐवजी गोधडी आणि घोंगडी अशी दोन घ्या, कारण त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. तंबूची वरची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर सर्वांच्या श्वासातील वाफ कापडावर थिजून पहाटे अंगावर ठिबकेल.

शेगडीचाही उपयोग आहे, पण बाहेर. तिच्यावर पाणी तापवून रबरी पिशवीत भरा आणि ती फडक्यात गुंडाळून आजीच्या पायांशी द्या. एक लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ अंशांवर येताना ३५ किलोकॅलरी उष्णता देते. तितक्याच वजनाचा तापलेला दगड याच्या सुमारे एक पंचमांशच देईल, कारण पाण्याची विशिष्ट उष्णता फार मोठी आहे. पिशवी भरून झाली की उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी ओतून, काडीने उकरून, आत एकही लाल ठिपका राहिला नाही हे पाहूनच झोपायला जा.