तारेचे खांब संपतात तेथून पुढे

हिंदुस्थानात तारायंत्राची सेवा १८५५ मध्ये जनतेसाठी खुली झाली आणि थोड्याच वर्षांत देशातील प्रमुख शहरे तारेने जोडली गेली. परंतु किनाऱ्यावर आल्यावर तारेचे खांब संपत. बंदर सोडलेल्या आगबोटीशी संपर्क साधण्याचे साधन नव्हते. ही उणीव बिनतारी संदेशवहनाने दूर केली. १९०२ मध्ये हुगळीच्या मुखाजवळील सागर बेट आणि समुद्रातील सँडहेड्स यांच्यामध्ये बिनतारी केंद्रे उभारण्यात आली. पुढे १९१४ मध्ये टपाल आणि तार ही दोन खाती एकाच महासंचालकाच्या अखत्यारीत आली.

संदेशाचा प्रवास

आगबोटीवरील प्रवाशाला पाठवावयाचा संदेश नेहमीच्या तारघरातच स्वीकारला जाई. पत्त्यात प्रवाशाचे नाव, बोटीचे नाव आणि ज्या किनारी केंद्रामार्फत संदेश जावयाचा त्या केंद्राचे नाव लिहावे लागे. तारघरातून तो मोर्स लिपीत जमिनीवरील तारेने किनारी केंद्राकडे जाई. केंद्र बोटीला हाक देई. उत्तर मिळाल्यावर संदेश धाडला जाई आणि बोटीवरील बिनतारी चालक तो कागदावर उतरवून प्रवाशाच्या हाती देई.

आकारणी शब्दागणिक होई आणि तिचे तीन भाग असत : जमिनीवरील तारेचे शुल्क, किनारी केंद्राचे शुल्क आणि बोटीचे शुल्क. साहजिकच शब्द मोजूनमापून लिहिले जात. बोटीवरून गावाकडे येणारा संदेश याच वाटेने उलट येई. ज्या गावी तारघर नसे, तेथे शेवटचा टप्पा टपालाने किंवा जासुदाकरवी पार पडे. समुद्र ओलांडून आलेली वार्ता अशा वेळी पायवाटेवर खोळंबत असे.

हाक कोणाचीही असो

आरंभीच्या काळात मार्कोनी कंपनीची केंद्रे इतरांची यंत्रे वापरणाऱ्या बोटींशी संदेशांची देवघेव करण्यास नकार देत. व्यापारी चढाओढीत समुद्रावरील माणसांचा जीव धोक्यात येणे योग्य नव्हते. म्हणून १९०६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये, यंत्र कोणत्याही पद्धतीचे असले तरी बोट व किनारी केंद्र यांनी परस्परांचे संदेश स्वीकारावेत, असे बंधन घालण्यात आले. संकटातील बोटीच्या हाकेला अग्रक्रम मिळाला आणि 'एसओएस' ही खूण मान्य झाली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्या बिनतारी हाकेमुळेच कार्पेथिया ही बोट धावून आली आणि सातशेहून अधिक लोक वाचले.

खडकी आणि दौंड

या इतिहासात महाराष्ट्राला मानाचे स्थान आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील बिनतारी तारसेवेचे उद्घाटन झाले. संदेश प्रक्षेपित करणारे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, तर संदेश ग्रहण करणारे केंद्र दौंड येथे होते. प्रबळ प्रक्षेपकाशेजारी दुरून येणाऱ्या क्षीण लहरी नीट ऐकू येत नाहीत. म्हणून ही दोन कामे दोन ठिकाणी विभागली होती. लघुलहरींचा झोत एकाच दिशेने सोडल्यामुळे कमी शक्तीत दूरचा पल्ला गाठता येई. समुद्रतळावरील तारेच्या मानाने ही सेवा स्वस्त होती. तारकंपन्यांच्या व्यवसायाला त्यामुळे धक्का बसला आणि १९३२ मध्ये दोन्ही सेवा एका कंपनीत विलीन करण्यात आल्या. १ जानेवारी १९४७ रोजी शासनाने हा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला.

जहाजांवरील मोर्सची जागा १९९९ पर्यंत उपग्रहाधारित यंत्रणेने घेतली. देशातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मात्र त्या सेवेने घालून दिलेले दोन धडे आजही उपयोगी आहेत. संकटातील हाक ऐकताना ती कोणाची, हे पाहावयाचे नसते. आणि संदेश कितीही वेगाने आला, तरी शेवटच्या घरापर्यंत तो वेळेवर पोचविण्याची व्यवस्था गावातच असावी लागते. पुराचा किंवा वादळाचा इशारा जिल्ह्याच्या ठिकाणाहून वाडीवस्तीवर नेताना ग्रामपंचायतींनी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.