रस्ता नवा होतो तेव्हा

आपल्या घराजवळच्या रस्त्याचे डांबरीकरण होताना तुम्ही पाहिले असेलच. खडीचे ढीग, तापलेल्या डांबराचा उग्र वास, संथपणे पुढेमागे फिरणारा रोडरोलर आणि ते सारे पाहत उभी राहिलेली मुले! दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता काळाभोर व गुळगुळीत झालेला असतो. त्यावर एकही रेघ नसते. दोन-चार दिवसांनी रंगाची गाडी येते आणि पूर्वी जेथे पांढरे पट्टे होते तेथेच ते पुन्हा ओढून निघून जाते. लोक म्हणतात, रस्ता नवा झाला. पण खरोखर नवे झाले ते केवळ डांबर. रस्त्याची मांडणी जुनीच राहिली. पट्टे पुन्हा ओढले जाण्यापूर्वीच्या त्या अल्प काळाचे मोल किती आहे आणि सायकलीने शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचा त्याच्याशी काय संबंध आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम सायकलस्वाराची अडचण नीट समजून घेऊ. साधारण वेगाने चालणारी सायकल तासाला पंधरा किलोमीटर जाते. त्याच रस्त्यावरून मोटारी तासाला चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने धावत असतात. गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. म्हणजे तासाला 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीपेक्षा 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच मोटारीची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट असते. हा आघात सोसावयास सायकलस्वाराभोवती पत्र्याचे कवच नसते. त्यातच कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अकस्मात उघडले, तर तो मागून येणाऱ्या वाहनापुढे फेकला जातो. जेथे वाहनांच्या वेगात एवढी तफावत आहे तेथे दोघांच्या वाटा वेगळ्या असाव्यात, हे कोणालाही पटेल. नुसता रंगाचा पट्टा मोटारीला थोपवू शकत नाही. म्हणून सायकलींच्या मार्गिकेला दगडाच्या कडेचे, खुंटांचे, झाडांच्या कुंड्यांचे किंवा निदान उभ्या मोटारींच्या रांगेचे संरक्षण लागते.

आता रस्ता नवा कसा करतात ते पाहू. चांगल्या पद्धतीत यंत्राने जुना थर खरवडून काढतात, खालची गटारे, जलवाहिन्या व तारा यांची कामे आधी उरकतात, मग सुमारे दीडशे अंश सेल्सिअस तापलेले डांबरमिश्रण पसरून रोडरोलरने दाबतात. शेवटी तापवून वितळविलेल्या रंगाने पट्टे ओढतात. रात्री वाहनांच्या दिव्यात ते चमकावेत म्हणून त्या रंगात काचेचे बारीक मणी घालतात. हा सर्व खर्च रस्त्यासाठी व्हायचाच असतो. जुने पट्टे आपोआपच नाहीसे झालेले असतात, यंत्रे व माणसे जागेवर हजर असतात, वाहतूकही वळविलेली असते. अशा वेळी नवे पट्टे दोन हात अलीकडे ओढले काय किंवा पलीकडे ओढले काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. हेच काम सहा महिन्यांनी करावयाचे ठरविले, तर पक्के बसलेले पट्टे खरवडावे लागतात, रस्ता पुन्हा अडवावा लागतो आणि लोकांची गैरसोय नव्याने होते. म्हणून बहुधा ते काम होतच नाही. पुढच्या डांबरीकरणापर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे ते लांबणीवर पडते.

एक सोपे गणित करून पाहा. समजा, एका रस्त्याची रुंदी 44 फूट आहे. मधोमध मोटारींच्या दोन मार्गिका प्रत्येकी 12 फुटांच्या आणि दोन्ही कडांना गाड्या उभ्या करण्यासाठी प्रत्येकी 10 फुटांची जागा सोडलेली आहे. एकूण 44 फूट भरले, सायकलीला काहीच उरले नाही. आता मोटारींच्या मार्गिका 10 फुटांच्या करा. गावातील मर्यादित वेगाला तेवढी रुंदी पुरते. गाड्या उभ्या करण्याची जागा एकाच बाजूला ठेवा आणि ती 8 फुटांची करा. हे झाले 28 फूट. उरलेल्या 16 फुटांत दोन्ही बाजूंना 5 फुटांची सायकल मार्गिका आणि तिच्या व मोटारींच्या मध्ये 3 फुटांची मोकळी पट्टी बसते. रस्ता एक इंचानेही रुंद केला नाही, कोणाचे घर किंवा ओटा पाडला नाही. मात्र या गणितात एका बाजूच्या गाड्यांची जागा गेली, हे लपवून चालणार नाही. सारा वाद तेथेच सुरू होतो.

हा वाद एका गावाने कसा हाताळला, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचे नगर आहे. हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था ही तेथलीच. 2020 च्या जनगणनेप्रमाणे तेथील लोकसंख्या सुमारे 1 लाख 18 हजार होती. 2016 साली या नगरात दोन सायकलस्वारांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांतील एका अपघाताचे कारण उभ्या मोटारीचे उघडलेले दार हे होते. सायकलमार्गांचा आराखडा नगराजवळ त्यापूर्वीच तयार होता. परंतु आराखडा कागदावर होता आणि रस्त्यांची कामे आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालली होती. दोहोंची सांगड घालणे प्रत्येक वेळी कोणाच्या तरी इच्छेवर अवलंबून असे.

एप्रिल 2019 मध्ये केंब्रिजच्या नगरसभेने सायकल सुरक्षेचा नियम संमत केला. अमेरिकेतील या प्रकारचा तो पहिलाच नियम मानला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा : नगराच्या पंचवार्षिक योजनेत जो रस्ता नव्याने बांधावयाचा असेल, तो जर सायकल आराखड्यात संरक्षित मार्गिकेसाठी नेमलेला असेल, तर बांधकामाबरोबरच ती मार्गिका झालीच पाहिजे. अगदी अपवादात्मक परिस्थितीत ती करता येत नसेल, तर त्याची कारणे प्रशासनाने लेखी जाहीर करावीत. या शेवटच्या कलमाचे मर्म ध्यानात घ्या. पूर्वी नागरिकाला जाऊन विचारावे लागे, ‘मार्गिका का करावी’ हे पटवून द्यावे लागे. आता ‘का केली नाही’ याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रशासनावर आली. ऑक्टोबर 2020 मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन सुमारे 25 मैलांच्या संरक्षित मार्गिकांना मुदतीही घालून दिल्या गेल्या.

याचा अर्थ सर्व काही सुरळीत झाले असा नव्हे. गाड्यांची जागा गेल्याने गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती दुकानदारांना वाटली. वृद्धांना व अपंगांना दाराशी उतरता येणार नाही, अशी तक्रार पुढे आली. या तक्रारी पोकळ म्हणून झिडकारण्याजोग्या नाहीत. माल उतरविण्याची जागा, अपंगांसाठी राखीव जागा यांचा विचार रेखाटनातच करावा लागतो. काही लोक न्यायालयातही गेले. 2023 साली निकाल नगराच्या बाजूने लागला. 2024 च्या एप्रिलमध्ये नगरसभेने काही मार्गिकांची मुदत थोड्याशा बहुमताने काही महिने पुढे ढकलली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दोन स्त्रिया सायकलीवरून जात असता चौकात वळणाऱ्या मालमोटारींखाली सापडून मृत्यू पावल्या. चौकात मार्गिका तुटली किंवा वळणे सुरक्षित नसली, तर बाकीच्या रस्त्यावरची सुरक्षितता अपुरी ठरते, हा धडा या दुःखद घटनांतून घेण्यासारखा आहे.

केंब्रिज हे लहान नगर. परंतु लॉस एंजेलिससारख्या मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या महानगरातही हाच विचार पोचला. तेथे 2015 साली रस्त्यांचा एक व्यापक आराखडा संमत झाला होता, पण त्यातील फारच थोडे काम प्रत्यक्षात उतरले. अखेर 5 मार्च 2024 रोजी हा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी मोठ्या बहुमताने कौल दिला की, रस्त्याचा आठवा हिस्सा मैल, म्हणजे सुमारे 200 मीटर किंवा अधिक भाग नव्याने करताना त्या आराखड्यातील सायकलमार्ग व पदपथ यांची कामे त्याच वेळी करावीत.

सायकलींचा देश म्हणून आज आपण हॉलंडकडे बोट दाखवितो. पण तोही देश जन्मतःच तसा नव्हता. 1971 साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत सुमारे 3,300 माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पुढच्या काही वर्षांत आईबाप मुलांसह रस्त्यावर उतरले. मुलांची हत्या थांबवा, असेच त्या चळवळीचे नाव होते. त्यानंतर एकेक रस्ता जसा दुरुस्तीला निघाला तसा तो सुधारत गेला. सारा देश एका दिवसात कोणी खणून काढला नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून सर्वत्र ओळखले जाई. पुढे स्वयंचलित दुचाकींनी तेथील रस्ते व्यापले. पुणे महानगरपालिकेने 2017 साली सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. हैदराबादेत बाह्य वळणरस्त्यालगत सुमारे 23 किलोमीटरचा, सौर फलकांचे छप्पर असलेला सायकलमार्ग 2023 साली खुला झाला. तो व्यायामाला उत्तम आहे. पण घरून शाळेत, शाळेतून बाजारात जाणाऱ्याला तो वाटेत लागत नाही. बिहारने 2006 साली शाळकरी मुलींना सायकली देण्यास आरंभ केला आणि तशा योजना कर्नाटक, मध्य प्रदेश इत्यादी राज्यांतही निघाल्या. मुलीच्या हाती सायकल आली, तिचे शिक्षण जवळ आले. परंतु ती सायकल ज्या रस्त्यावरून जावयाची, त्या रस्त्यावर तिच्यासाठी जागा राखणे मात्र राहून गेले. कित्येक ठिकाणी तर जुना थर न खरवडताच नवा थर चढवितात. त्यामुळे रस्ता उंच होत जातो, कडेला डांबराची धार तयार होते आणि कडेने जाणाऱ्या सायकलीचे चाक नेमके तेथेच घसरते.

मोठे पूल व वळणरस्ते यांना पुष्कळ पैसा लागतो, त्यांचा निर्णय दूरच्या कचेरीत होतो. गल्लीतील रस्त्याचे तसे नाही. त्याचे डांबरीकरण आज ना उद्या होणारच आहे आणि त्याचा निर्णय आपल्याच नगरपालिकेत व्हावयाचा आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी एक अभ्यास अवश्य करावा. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, वर्दळ नसेल त्या वेळी, शाळेकडे येणाऱ्या रस्त्याची रुंदी टेपने मोजावी. गाड्या उभ्या करण्यास किती जागा गेली, चालत्या वाहनांना किती मिळाली, पदपथाला किती उरली, हे वहीत मांडावे. शाळा भरताना व सुटताना अर्ध्या तासात किती सायकली जातात ते पदपथावर उभे राहून मोजावे. मग वर दिलेल्या गणिताप्रमाणे त्याच रुंदीत नवी मांडणी काढून पाहावी. चौकातील वळणे त्यात विसरू नयेत. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डावीकडे वळणारी मालमोटार सायकलस्वाराला अधिक घातक, हेही ध्यानात असावे.

असा नकाशा मुख्याध्यापकांच्या व पालकांच्या सहीने आपल्या नगरसेवकाकडे द्यावा. मात्र तो डांबर पडण्यापूर्वी द्यावा. रोडरोलर येऊन गेल्यावर दिलेल्या अर्जाला ‘पुढच्या वेळी पाहू’ असे उत्तर मिळते, आणि ती पुढची वेळ येईपर्यंत आज पाचवीत असलेला मुलगा शाळा सोडून गेलेला असतो.