जुन्या लॅपटॉपासाठीं हलकें लिनक्स कोणतें निवडावें ?

महाड-पोलादपूर भागांतील पुष्कळ घरांत आज एक जुना लॅपटॉप कपाटांत पडून आहे. मुंबईस नोकरीस असलेला काका किंवा मोठा भाऊ गणपतीस घरीं येतांना आपला वापरलेला लॅपटॉप मुलांसाठीं घेऊन येतो. कांहीं दिवस त्याचें कौतुक होतें. पुढें तो सुरू व्हावयास पांच-सात मिनिटें घेऊं लागतो, पडद्यावर चक्र फिरत राहतें, आणि अखेर "हा आतां गेला" असा निकाल देऊन घरांतील मंडळी त्यास टॉवेलांत गुंडाळून ठेवतात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यास लेखन, हिशेब व प्रोग्रॅमिंगचे धडे यांसाठीं यंत्र तर हवें असतें, आणि नवा लॅपटॉप घेणें अनेक घरांस एका भातपिकाच्या उत्पन्नाएवढें जड जातें. म्हणून वरील निकाल बरोबर कीं घाईचा, हें कसें ओळखावें, व त्या यंत्रावर लिनक्स प्रणालीचा कोणता हलका प्रकार बसवावा, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम यंत्र मंद कां होतें तें पाहूं. दहा वर्षांपूर्वींचा प्रोसेसर आजहि पूर्वींइतक्याच वेगानें बेरजा करतो; वाढतो तो त्याच्यावरील भार. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणारी गाडी जुनी असली तरी चढते. पण टपावर दुप्पट ओझें लादलें तर ती पहिल्याच वळणास धापा टाकूं लागते. विंडोज १० चा आधार कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला, आणि घरगुती ग्राहकांस दिलेली वाढीव मुदतहि ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरविली गेली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर बहुधा आठव्या पिढीचा अथवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीं विकले गेलेले बहुतेक लॅपटॉप दाराबाहेरच राहिले. जुनी प्रणाली तशीच चालवितां येते हें खरें. परंतु तिच्यांत नवीं भगदाडें सांपडलीं तर तीं बुजविणारा कोणी राहत नाहीं. ज्या यंत्रावरून पालक बँकेचे व्यवहार करतात त्यावर हा धोका पत्करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आतां लिनक्स म्हणजे काय ? फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपल्या घरच्या संगणकासाठीं एक गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. यंत्राचे भाग आणि आपण वापरतों ते कार्यक्रम यांमधील देवघेव हा गाभा पाहतो. त्याच्यावर खिडक्या, चित्रें व याद्या दाखविणारा एक थर असतो. तो निरनिराळ्या मंडळींनीं निरनिराळ्या प्रकारें रचलेला आहे, आणि आपणांस सोईचा असेल तो निवडतां येतो. आपल्या प्रश्नाचें सारें मर्म येथेंच आहे. विंडोजमध्यें घर बांधूनच मिळतें. लिनक्समध्यें जोतें तेंच ठेवून वर साधें कौलारू घर बांधावें कीं माडी चढवावी, हें आपण ठरवितों. ग्नोम नांवाचा थर देखणा पण जड. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे मध्यम. आइसडब्ल्यूएम अगदीं हलका. गाभा, थर व नित्याचे कार्यक्रम एकत्र बांधून जें गांठोडें दिलें जातें त्यास 'डिस्ट्रो' म्हणतात. डेबियन, उबंटू, मिंट हीं अशा गांठोड्यांचीं नांवें होत. त्यांस पैसे पडत नाहींत, आणि एका प्रतीच्या शंभर प्रती करून वाटल्या तरी ती चोरी ठरत नाहीं.

थोड्या सामग्रींत किती काम होतें याचा एक नमुना आपल्याच जिल्ह्यांत घडून गेला आहे. कर्जत तालुक्यांतील खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेंत ऑक्टोबर २००७ मध्यें 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हातीं आलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ यंत्रांत ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण एवढीच शिदोरी होती. तिच्यावर फेडोरा लिनक्स व मुलांसाठीं मुद्दाम रचलेला 'शुगर' नांवाचा थर चाले. लिहिणें, चित्रें काढणें, छायाचित्रें घेणें, आवाज मुद्रित करणें हीं सर्व कामें त्यांत होत असत. या योजनेविषयीं पुढें मतभेद झाले. पेरू देशांतील ग्रामीण शाळांची जी मोठी पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, तींत गणित व भाषा यांच्या गुणांत वाढ आढळली नाहीं. केवळ यंत्र दिल्यानें अभ्यास होत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवलेलें बरें. परंतु आपल्या प्रश्नापुरतें एवढें स्पष्ट आहे कीं, तुमच्या कपाटांतील २ किंवा ४ जीबीच्या लॅपटॉपांत त्या यंत्राच्या आठपट किंवा सोळापट स्मृति आहे.

तेव्हां तें यंत्र बाहेर काढून त्याची चौकशी करावी. पहिली चौकशी ही कीं, प्रोसेसर ३२-बिट आहे कीं ६४-बिट. विंडोजच्या 'सिस्टिम' या पानावर तें लिहिलेलें असतें. मात्र तेथें 'प्रोसेसर' व 'प्रणाली' यांतील भेद नीट वाचावा, कारण ६४-बिट यंत्रावर ३२-बिट विंडोज घातलेलें कित्येकदां आढळतें. २००६ नंतरचे इंटेल कोअर टू ड्युओ ६४-बिट आहेत. २००८ च्या सुमारास निघालेल्या छोट्या नेटबुकांतील अ‍ॅटम एन-२७० मात्र ३२-बिट. दुसरी चौकशी रॅमची. तिसरी साठवणीची, आणि हिच्यावर आम्ही थोडें अधिक थांबणार आहों, कारण मंदपणाचें मूळ बहुधा येथेंच असतें व लोक दोष भलत्यासच देतात.

जुन्या लॅपटॉपांतील फिरती तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे करते, म्हणजे सेकंदास ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखालीं यावयास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद. आणि तें टोक योग्य वर्तुळावर सरकावयास आणखी दहा-बारा. एकूण सतरा धरा. म्हणजे विखुरलेलीं अशीं साठेक ठिकाणेंच ती सेकंदांत गांठूं शकते. प्रणाली सुरू होतांना तर हजारों लहान लहान फाइली वाचाव्या लागतात ! विद्यार्थ्यांनीं हा हिशेब वहींत करून पाहावा. एसएसडी या साठवणींत फिरणारें कांहींच नसल्यामुळें एका ठिकाणास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ पुरतो. म्हणून घरांत थोडेच पैसे असतील तर प्रथम लहानशी एसएसडी घ्यावी, मग रॅम वाढवावी. नव्या लॅपटॉपाच्या किंमतीपुढें हा खर्च लहान आहे. नुसती प्रणाली बदलून तबकडी तशीच ठेवली तर सुधारणा होते, पण अर्धवट.

निवडीविषयीं आमचें मत असें. यंत्र ६४-बिट असून रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटचें एक्सएफसीई रूप घ्यावें. त्याची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसास परकी वाटत नाहीं, आणि २०२४ सालच्या २२ व्या आवृत्तीस २०२९ पर्यंत आधार आहे. मिंट २ जीबींतहि चालतें असें त्याचे कर्ते सांगतात; पण तेवढ्या स्मृतींत एलएक्सक्यूटीसह डेबियन किंवा लुबंटू अधिक सुखाचें. रॅम १ जीबी असेल, किंवा यंत्रच ३२-बिट असेल, तर अँटीएक्स घ्यावें. तें आइसडब्ल्यूएमवर चालतें, ५१२ एमबी रॅमलाहि नाहीं म्हणत नाहीं, आणि २०२३ सालची त्याची आवृत्ति ३२-बिट यंत्रांसाठींहि निघाली. मात्र तें दिसण्यांत रुक्ष आहे. लहान भावंडें नाकें मुरडतील. दर महिन्यास कोणीतरी एखादी 'सर्वांत हलकी' प्रणाली दाखवून देतो. तिच्यामागें धांवूं नये. जिला मोठा वापरणारा वर्ग आहे तीच घ्यावी, म्हणजे अडचण आली असतां उत्तर सांपडतें.

३२-बिट यंत्रांचे दिवस मात्र थोडे उरले आहेत. क्रोमनें लिनक्सवरील ३२-बिट रूप २०१६ सालींच बंद केलें. फायरफॉक्सनें १४५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ च्या अखेरीस, तेंच केलें. डेबियनच्या ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या १३ व्या आवृत्तींत तीं यंत्रें नव्यानें उभीं करण्याची सोय नाहीं. १२ व्या आवृत्तीचा दीर्घ आधार जून २०२८ पर्यंत आहे. असें यंत्र टंकलेखन, कोश व प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे यांसाठीं ठेवावें. त्यावर पैसे खर्चूं नयेत.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रणाली हलकी झाली म्हणून इंटरनेट हलकें होत नाहीं. आइसडब्ल्यूएम दोन-तीनशें एमबींत भागवील, पण व्हिडिओचें एकच पान तितकीच किंवा त्याहून अधिक स्मृति खातें. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळीं दोन-तीन पानें उघडावीं, व्हिडिओ ४८० च्या दर्ज्यावर पाहावा, आणि झेडरॅम ही सोय चालू करावी. तिनें स्मृतींतील मजकूर दाबून ठेवला जातो व थोडक्या जागेंत अधिक मावतें.

प्रणाली बसविण्यापूर्वीं ती पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहतां येते, हा लिनक्सचा मोठा गुण होय. इंटरनेटवरून आयएसओ फाइल उतरवावी, रूफस किंवा व्हेंटॉयच्या साह्यानें पेन-ड्राइव्हवर घालावी, यंत्र सुरू करतांना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीगणिक निराळी कळ) दाबून पेन-ड्राइव्ह निवडावा. मग वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड यांची परीक्षा घ्यावी. वायफाय मिळालें नाहीं तर बहुधा त्या तुकड्याचें फर्मवेअर नसतें. २०२३ पासून डेबियन तें सोबतच देतें. तोंवर तबकडीवरील एक अक्षरहि बदललेलें नसतें. पसंत पडल्यावरच 'इन्स्टॉल' म्हणावें, आणि त्याआधीं सर्व छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं, कारण नंतर तबकडी पुसली जाते. २२ व २३ जुलै २०२१ च्या पुरांत सावित्रीचें पाणी ज्यांच्या घरांत शिरलें त्यांस दुसऱ्या प्रतीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. त्या गाळांत भिजलेल्या यंत्रास मात्र कोणतीहि प्रणाली उठवूं शकणार नाहीं. पावसाळ्यांत वीज केव्हांहि जाते आणि जुनी बॅटरी पांच मिनिटेंहि धरत नाहीं. म्हणून हें काम कोरड्या दिवसांत करावें. बॅटरी फुगलेली असेल तर ती प्रथम काढून टाकावी.

कांहीं ठिकाणीं आम्ही लिनक्सची शिफारस करणार नाहीं. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम विंडोज व एमएस ऑफिस यांवर आधारलेले आहेत. लिबरऑफिसवर सराव करून तेथें बसणाऱ्यास कळा व याद्या निराळ्या दिसतील. घरचा प्रिंटर लिनक्सवर चालतो कीं नाहीं हेंहि पेन-ड्राइव्हवरूनच तपासावें, कारण कांहीं लेझर यंत्रें तेथें फार त्रास देतात. ज्यांस लिबरऑफिस शिकावयाचें त्यांस आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ फुकट मिळतात.

मराठी लेखनाची अडचण आतां राहिली नाहीं. लोहित व नोटो हे देवनागरी टंक मिळतात, इन्स्क्रिप्ट कळफलक एका खुणेनें चालू होतो. खरी अडचण जुन्या फाइलींची आहे. श्रीलिपीसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोड नसल्यामुळें तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. वडिलांचीं जुनीं पत्रें, भावकीच्या वाटपाचे मसुदे, मंडळाचे हिशेब अशा फाइलींत असतील तर ते सर्व युनिकोडमध्यें रूपांतरित करून व एकदां छापील प्रतीशीं ताडून घेईपर्यंत जुनी तबकडी पुसूं नये.