मेंढपाळ कुत्र्यांची कसोटी

वेल्समधील बाला या गावाजवळ ९ ऑक्टोबर १८७३ रोजी एक आगळी स्पर्धा भरली. तेथील जमीनदार आर. जे. लॉइड प्राइस यांनी आपल्या जागेत ती भरविली होती. कोणाचा कुत्रा दिसण्यात देखणा, हे तेथे पाहावयाचे नव्हते. कोणाचा कुत्रा मेंढ्या नीट वळवितो, एवढेच पाहावयाचे होते. मूळचे स्कॉटलंडचे थॉमसन नावाचे मेंढपाळ आपल्या ट्वीड या कुत्र्यासह त्या दिवशी विजयी झाले. ब्रिटनमधील मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धांची परंपरा सामान्यतः येथून मोजली जाते.

वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड येथील डोंगराळ कुरणांत शेकडो मेंढ्या मोकळ्या चरतात. त्या एकट्या माणसाने गोळा करावयाच्या म्हटल्यास दिवस पुरणार नाही. ते काम तेथे कुत्रा करतो. आपल्याकडील धनगरांच्या कळपाबरोबरही कुत्रे असतात. परंतु त्यांचे मुख्य काम राखणीचे, लांडग्यापासून आणि चोरापासून कळप वाचविण्याचे. कळप हाकण्याचे काम धनगर स्वतःच करतो. ब्रिटनमधील कुत्र्याचे काम नेमके उलट प्रकारचे आहे. लांडगा सावजाला हेरतो, दबा धरतो, वळसा घालून घेरतो आणि शेवटी चावा घेतो. यातील पहिल्या पायऱ्या ठेवून शेवटची तेवढी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने दडपलेली, असा हा प्राणी आहे. तो भुंकत नाही. मान खाली घालून मेंढ्यांवर नजर रोखतो आणि त्या नजरेच्या धाकाने त्या सरकतात.

स्पर्धेत हीच गोष्ट कसाला लागते. मोठ्या स्पर्धांत सुमारे चारशे यार्ड दूर पाच मेंढ्या सोडतात. मेंढपाळ एका खुंटाशी उभा राहतो. ठराविक टप्पा येईपर्यंत त्याला तेथून हलता येत नाही. कुत्र्याने मोठा वळसा घालून मेंढ्यांच्या पलीकडे जावयाचे असते. प्रचलित पद्धतीत शंभरपैकी २० गुण या धावेस असतात. कुत्रा सरळ मध्यातून मेंढ्यांवर धावून गेला, तर कळप उधळतो. म्हणून वळसा मोडणाऱ्याचे गुण झपाट्याने कमी होतात. यानंतर मेंढ्या जागच्या हलविण्यास १०, त्या सरळ रेषेत मेंढपाळाकडे आणण्यास २०, त्याच्यापासून दूर हाकत फाटकांमधून नेऊन परत आणण्यास ३०, कळपातून सांगितलेल्या मेंढ्या वेगळ्या काढण्यास १० आणि लहानशा कुंपणात कोंडण्यास १० गुण असतात. परीक्षक पूर्ण गुणांपासून सुरुवात करतो आणि चूक दिसेल तसे गुण कापत जातो. वेळेची मर्यादा असते. पण घाई करणाऱ्यास जादा गुण मिळत नाहीत. मेंढीला विनाकारण चावा घेतल्यास स्पर्धकास बाद करतात. धावपळीने मेंढीचे वजन घटते, गाभण मेंढी गाभ टाकू शकते. तेव्हा शांतपणा हा येथे शोभेचा गुण नाही, मालकाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

सर्वांत अवघड भाग कुंपणाचा. मेंढपाळ एका हाताने फाटकाला बांधलेला दोर धरून उभा असतो. दोर सोडावयाचा नाही, मेंढीला हात लावावयाचा नाही. एक मेंढी अडून कुत्र्याकडे पाहते. कुत्रा पाऊलभर पुढे आला तर ती उसळते, मागे राहिला तर वळून पळते. अशा वेळी शीळ द्यावी की कुत्र्यावरच सोडावे, हे मेंढपाळास क्षणात ठरवावे लागते. शिळेच्या निरनिराळ्या सुरांवर कुत्रा डावीकडून की उजवीकडून फिरावयाचे, थांबावयाचे की चालावयाचे हे जाणतो खरा. परंतु मेंढी आता काय करणार, हे जवळ असलेल्या कुत्र्यास आधी कळते. हुकूम अजिबात न मानणारा कुत्रा निरुपयोगी. आणि प्रत्येक पावलाला हुकमाची वाट पाहणारा कुत्रा धुक्यात, टेकडीपलीकडे, मालक दिसत नसताना तितकाच निरुपयोगी. मैदानावर सफाईने चालणारा प्रत्येक कुत्रा डोंगरावर उपयोगी पडेलच असे नाही, हा जुन्या मेंढपाळांचा आक्षेप याच कारणाने पुरता खोडून काढता येत नाही.

तरीही या स्पर्धांनी एक मोठे काम केले. वंशासाठी कुत्रा निवडताना रूपाऐवजी कामाचा आधार मिळाला. नॉर्थम्बरलंडमधील ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये जन्मलेला हेंप हा कुत्रा मेंढ्यांवर विलक्षण शांतपणे काम करी. त्याची पिल्ले दूरवर मागविली गेली आणि आजच्या बॉर्डर कॉली जातीचा तो मूळ पुरुष मानला जातो. १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय मेंढपाळ श्वान संस्था स्थापन झाली. कामात सिद्ध झालेल्या कुत्र्याची वंशावळ नोंदलेली नसली, तरी परीक्षा घेऊन त्याला वंशनोंदवहीत स्थान देण्याची सोयही तिच्या नियमांत आहे. उलट, ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ मध्ये या जातीस मान्यता दिली, तेव्हा केस, कान आणि बांधा यांवर निवड होऊन कामाची अक्कल हरपेल, अशी भीती अनेक मेंढपाळांना वाटली. पशुप्रदर्शनात बैलाच्या शिंगांना आणि वशिंडाला मिळणारे गुण व नांगराला जुंपल्यावरची त्याची चाल, या दोहोंतील अंतर पाहिलेल्यांस ही भीती परकी वाटू नये.

कामावरून निवड केली म्हणजे सर्व दोष टळतात, असेही नाही. १९६५ चा विजेता विस्टन कॅप याला इतकी मागणी आली, की पुढील पिढ्यांतील असंख्य वंशावळींत त्याचेच नाव वारंवार येऊ लागले. एकाच नराचे रक्त असे पसरले, की त्याचे गुण येतात तसे दडलेले दोषही एकत्र येतात. डोळ्यांचे आनुवंशिक विकार ही या जातीची जुनी चिंता आहे. त्यासाठी संस्थेने कुत्र्यांच्या नेत्रतपासणीची पद्धत सुरू केली. ज्या जातीचे सारे काम नजरेवर चालते, तिच्यात ही तपासणी स्पर्धेतील गुणांइतकीच महत्त्वाची ठरली. २००२ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा बाला येथेच भरली, तेव्हाही स्पर्धकांपुढील काम जुनेच होते: दूरच्या मेंढ्या आणावयाच्या, आणि त्याही न धावडविता.