हजार जणांचं मत आणि राज्याचा कौल

प्रश्न : मुलगी-जावई चंदीगडला असल्यानं माझं तिकडे जाणं-येणं असतं. पंजाब आणि हरयाणा या दोन्ही राज्यांच्या निवडणुकांची धामधूम तिथे एकाच शहरात दिसते; पण मतचाचणीवाला कुणाच्या दारी आल्याचं ऐकलं नाही. हजार-दोन हजार लोकांना विचारून राज्याचा कल कसा सांगतात? आणि तो इतक्यांदा का फसतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्याकडे कुणी आलं नाही यात नवल नाही, लाखो मतदारांतून हजार निवडायचे तर बहुतेकांची पाळी कधीच येत नाही. नमुना नीट निवडला, तर हजार जणांमागे चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते, मग राज्य गोव्याएवढं असो की उत्तर प्रदेशाएवढं. घोडं अडतं ते ‘नीट’वर. ‘सीएसडीएस’ या संशोधन संस्थेचा लोकनीती विभाग मतदारयादीतून ठरावीक अंतरानं नावं काढतो आणि त्याच माणसाला घरी गाठतो. मत कुणाला, हे तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, म्हणजे घरच्यांसमोर पक्षाचं नाव घ्यावं लागत नाही. पण चंदीगडच्या उत्तरेकडच्या सेक्टरांत कोठीच्या फाटकावर चौकीदार अडवणार आणि बुडैलसारख्या दाट वस्तीच्या गल्लीत यादीतला माणूस दिवसभर कामावर असणार. कंटाळलेला सर्वेक्षक मग भेटेल त्याला विचारून फॉर्म भरतो. त्या ३ टक्क्यांना तिथेच अर्थ उरत नाही.

दुसरी गोम मतांवरून जागा काढण्यात आहे, आणि मला तीच जास्त नडते असं वाटतं. २०२४ मध्ये हरयाणात एक्झिट पोलवाल्यांनी काँग्रेसला सत्तेवर बसवूनच टाकलं होतं. प्रत्यक्षात भाजप ४८, काँग्रेस ३७. दोघांच्या मतांत मात्र एक टक्क्याचाही फरक नव्हता. चाचणी मोजते मतं, वाहिन्यांना हव्या असतात जागा. मधलं गणित बरंचसं अंदाजाचं.

खुद्द चंदीगडचंच घ्या. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसचे मनीष तिवारी २,५०४ मतांनी निवडून आले. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. हा विजय चाचणीतून छातीठोकपणे सांगायचा, तर लाखाच्या घरात लोकांना विचारावं लागलं असतं, आणि मतदान केलेलेच होते साडेचार लाखांच्या आसपास! एवढा खर्च कोण करणार?

अशाच चाचण्या घेऊन साबण किंवा मोबाइल विकणाऱ्यांचं बरं असतं. त्यांचा माल ३८ टक्क्यांना आवडतो की ४१, यानं कुणाचं सरकार पडत नाही. तिथल्या चुका चव्हाट्यावरही येत नाहीत, कारण त्या ताडून पाहायला मतमोजणीचा दिवसच नसतो.

राहिला पंजाब. २०१७ मध्ये काही चाचण्यांनी ‘आप’ला सत्तेच्या उंबरठ्यावर, काहींनी पलीकडेही नेलं होतं, मिळाल्या ११७ पैकी २० जागा, काँग्रेसला ७७. ‘आप’चे पाठीराखे बोलके होते, बाकीचे गप्प, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटतं, ‘हवा कुणाची?’ असं विचारलं की लोक स्वतःचं मत सांगत नाहीत, कानावर आलेलं सांगतात. पुढे २०२२ मध्ये ‘अ‍ॅक्सिस माय इंडिया’ या चाचणी संस्थेनं त्याच ‘आप’ला ७६ ते ९० जागा दिल्या आणि पक्ष ९२ वर गेला. त्या वेळी ‘आप’ला ४२ टक्के मतं होती, काँग्रेसला २३. दरी एवढी रुंद असली की २-३ टक्क्यांची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.