झाडाला साखरेचा हिशेब कसा कळतो?

गेल्या वर्षी बी. एस्‌सी.च्या वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पानात साखर जास्त झाली तर झाडाला ते कळते का?" "झाडाला मेंदू थोडाच आहे! साखर तयार होते आणि साठते," असे म्हणून मी पुढे गेलो. वर्ग हसला. घरी येऊन वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हसण्यासारखे काही असलेच तर ते माझे उत्तर होते. तो विद्यार्थी आता महाविद्यालयातून बाहेर पडला. म्हणून हा लेख.

साखर साचली की पानाचे काम मंदावत असावे, असा तर्क बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६८ सालीच केला होता. पण हे पानाला कळते कसे? आपण ग्लायकॉलिसिसच्या पहिल्या पायरीवर हेक्सोकायनेज शिकतो. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारे हे वितंचक म्हणजे एक साधा मजूर, अशी माझी समजूत होती. जेन शीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपात त्याची फॉस्फेट जोडण्याची शक्ती काढून घेतली. तरीही रोपाला ग्लुकोजची जाणीव राहिली (२००३). म्हणजे हा मजूर पहारेकरीही आहे! ग्लुकोज मुबलक झाले की तो प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंद करतो.

सुक्रोजची वर्दी ट्रेहॅलोज-सिक्स-फॉस्फेट देते. सुक्रोजबरोबर त्याचे प्रमाण वाढते-घटते. ते घटले, की एस्‌एन्‌आर्‌के-वन हे वितंचक मोकळे होते, वाढ थांबवते आणि साठा मोडायला काढते.

रात्रीचा हिशेब तर थक्क करणारा आहे. दिवसा साठवलेला स्टार्च अरॅबिडॉप्सिस अशा बेताने खर्च करते, की पहाटेपर्यंत तो जेमतेम पुरतो. प्रयोगात चार तास आधीच अंधार केला, तरी रोपाने खर्चाचा वेग कमी केला आणि पहाट गाठली.

आपल्या भागातील मुलांना ऊस नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत उसाचे एक पान उघडे ठेवून बाकीची झाकली, तेव्हा त्या पानातील साखर घटली आणि प्रकाशसंश्लेषण वाढले (२००६). कांड्यांची मागणी पानाला कळली. (यावरून वैरणीसाठी हिरवा पाला ओरबाडायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. एक पान सगळ्या उसाचे पोट भरू शकत नाही.)

ज्यांना पडताळा हवा त्यांनी जास्वंदीच्या एका फांदीचा शेंडा खुडावा आणि पानांच्या खाली सालीचे कडे काढावे. साखरेची खाली जाण्याची वाट बंद होते. पाणी मात्र खोडाच्या लाकडातून वर येत राहते. काही दिवसांनी भल्या पहाटे त्या फांदीचे एक पान व शेजारच्या फांदीचे एक पान खुडून प्रयोगशाळेत आणावे. स्पिरिट आणि आयोडिन मी काढून ठेवतो.