मूल बाल न्याय मंडळापुढे गेलं, तर खर्च किती?

अठराच्या आतल्या पोराला पोलिसांनी नेलं की घरात पहिली चर्चा होते ती कुठला दागिना मोडायचा याची. जरा थांबा. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये मुलाच्या बचावासाठी आईबापांनी भरायची अशी फी नाही. खिसा रिकामा होतो तो वकील, मध्यस्थ आणि बुडालेल्या रोजंदारीपायी.

आधी वकील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे बालकाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी घरचं उत्पन्न पाहिलं जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. उत्पन्नाचा दाखला मागितला, तर अर्जदार अज्ञान आहे एवढंच सांगा. खासगी वकील हवाच असेल, तर फी जामिनापुरती की चौकशी संपेपर्यंतची, एकरकमी की तारखेगणिक, हे आधी लिहून घ्या. मंडळापुढे नेहमी उभा राहणारा साधा वकील मला नामांकित फौजदारी वकिलापेक्षा बरा वाटतो.

पोलीस ठाण्यात एक रुपयाही द्यायचा नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलाला मंडळापुढे नेलंच पाहिजे. कोठडी नाही, बेड्या नाहीत, जबाबावर मुलाची सही नाही. ‘कलम हलकं करतो’, ‘आतल्या आत मिटवतो’ म्हणणारा भेटेलच. त्याला चहाही पाजू नका.

जामिनासाठी गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, हा भेद इथे नाही. जामीनदार घेऊन किंवा न घेताही मंडळ मुलाला सोडू शकतं. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं दिसलं तरच नकार, तोही कारणं नोंदवून. म्हणून भाड्याचा जामीनदार शोधू नका, पालकांच्या हमीपत्रावर सोडण्याची विनंती करा. अट सात दिवसांत पुरी झाली नाही, तर ती बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर मे 2024 मध्ये अल्पवयीन कारचालकाच्या जामिनाला घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट गाजली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण जामिनाचं हे कलम झोपडीतल्या पोरालाही तेवढंच लागू आहे, हे त्या गदारोळात कुणी सांगितलं नाही.

पैसे आणि पायपीट खर्चायचीच, तर ती वयाच्या पुराव्यावर. पोरगं सतरा वर्षं अकरा महिन्यांचं आहे की अठरा पूर्ण, यावर सगळं पालटतं. कलम 94 चा क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर विसंबू नका. वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये म्हटलं आहे. तेव्हा एकाने ठाण्यावर थांबावं आणि दुसऱ्याने तडक शाळा गाठावी. मूळ दाखला हातातून सोडू नका, सोबत प्रती ठेवा.

खरा फटका तारखांचा. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपावी, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्याची तेवढ्यातही संपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होतं. ही मुदत वकिलाच्या लक्षात आणून द्या. प्रत्येक तारखेला एक हजेरी बुडणार, एसटीचं वा लोकलचं भाडं लागणार. दोघांनी जायची गरज आहे का, ते आधीच विचारून घ्या. परिवीक्षा अधिकारी घरची माहिती घ्यायला येतो, त्याचे पैसे नसतात. शाळा, संगत, घरातली भांडणं, सगळं खरं सांगा. मंडळ त्याचा अहवाल वाचतं.

चौकशीअंती मंडळ पालकांना दंड भरायला लावू शकतं. तो भरलात की पावती घ्या. मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं; सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरवणाऱ्यांनाही हे ऐकवा. आदेश मान्य नसेल, तर अपिलाला 30 दिवस असतात. त्यामुळे आदेशाच्या प्रतीचा अर्ज त्याच दिवशी द्या.